अण्णांच्या पोटातलं पाणी

२ फेब्रुवारी, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. हुद्दा झोकदार आहे, नमुना वाहक. म्हणजे हमालच. हमाल पोती वाहतो, मी लोकांचं रक्त, लघवी, बेडका आणि पोटातलं पाणी वाहतो. वरच्या वॉर्डांतून ते गोळा करायचं आणि तळमजल्यावर प्रयोगशाळेच्या खिडकीत नेऊन द्यायचं. ऑगस्टमध्ये प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून 'बघाच मी काय करून दाखवतो' म्हणालो होतो. ते हे.

पण खिडकीत ती बसते.

तिचं नाव छातीवरच्या पट्टीवर आहे, इथे लिहिणार नाही. ताईला माझ्या वस्तू आवरायची खोड आहे. मी तिला खिडकी म्हणेन. खिडकीने आज मला सगळं काम समजावून दिलं. कुठल्या रंगाच्या झाकणाची नळी कशासाठी, काय धावत आणायचं, काय फ्रिजमध्ये चालतं, काय चालत नाही. बोलताना ती अंगठ्याने एका बाटलीचं बूच पुसत होती आणि हातात मोजे असल्यामुळे कपाळावरची बट मनगटाने मागे सारत होती. न चिडता माझ्याशी इतका वेळ कुणी बोललं, याला वर्ष तरी झालं असेल. शेवटी विचारलं, समजलं ना सगळं? मी हो म्हणालो. काय समजलं ते मला विचारू नये. एका गोष्टीबद्दल 'हे मात्र विसरू नकोस' असं तिने दोनदा सांगितलं, एवढं पक्कं आठवतंय. कुठल्या, ते आठवलं की लिहीन.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अण्णांनी विचारलं, काम कसं आहे. मी म्हटलं, बरं आहे. ते म्हणाले, छान. संपलं.

कॉलेज सोडल्यापासून आम्हा बापलेकांचं हे असंच चाललंय. हा माणूस तलावाच्या या काठावरून ओरडला की त्या काठावरची पोरं आपोआप पाण्यात पडायची. निम्म्या गावाला यांनी पोहायला शिकवलं. आता मला म्हणतात, "वेळ असेल तर जरा ती उशी देतोस का?" पाहुण्याशी बोलावं तसं. शिव्या घातल्या असत्या तर मीही उलट बोललो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. ही सभ्यता मला झोंबते.

पोट पुन्हा फुगलंय. तरुणपणी झालेल्या काविळीने यकृत हळूहळू निबर झालं आणि आता पोटात पाणी साठतं. मधूनमधून सुई घालून काढावं लागतं. दारूला या माणसाने कधी शिवलेलं नाही. तरी खालच्या मजल्यावरच्याने 'सुटली का वडिलांची सवय' विचारलं, तेव्हा मी त्याची कॉलर धरली होती. अण्णा स्वतः मात्र हसण्यावारी नेतात. म्हणतात, जन्मभर मी पाण्यात होतो, आता पाणी माझ्यात आहे, हिशेब फिटला.

ताई आळणी जेवण करते आणि स्वतःही तेच जेवते. आई गेल्यापासून घर तिच्याच डोक्यावर आहे. मी बाहेर खाऊन येतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज मिशीवाल्याशी वाजलं. संध्याकाळी खिडकी घरी गेली की तिच्या जागी हा बसतो. मला म्हणाला, "काय रे, सकाळच्या पाळीत एकेक नळी हातात घेऊन येतोस, माझ्या पाळीत पूर्ण खोका आपटतोस. गुडघे सकाळीच चालतात का?" मागे दोघं हसले. मी ट्रे काउंटरवर असा ठेवला की दोन नळ्या फुटल्या. कुणाचं तरी रक्त पुन्हा काढावं लागलं. मला वाईट वाटलं, पण त्याच्याशी आता जन्मात बोलणार नाही.

खिडकीला न्यायला रोज स्कूटरवर एक जण येतो. भाऊ असावा. चेहरा अजिबात मिळत नाही, पण भावाबहिणींचे कुठे मिळतात. माझा आणि ताईचा मिळतो का? हेल्मेट मात्र तो तिला स्वतःच्या हाताने घालून देतो. चांगला भाऊ आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

अण्णांना भरती केलं. सकाळपासून अंगात कणकण आणि पोटाला हात लावू देईनात. ताईने रिक्षा केली, मी कामावरूनच वॉर्डात गेलो. पोटाच्या डॉक्टरबाई स्वतः आल्या. या लहानपणी अण्णांच्या हाताखाली पोहायला शिकल्या, म्हणून त्यांना सर म्हणतात. पोटातून सुईने थोडं पाणी काढलं. एरवी पिवळसर, स्वच्छ असतं. आज तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं.

अण्णांनी विचारलं, इन्फेक्शन आलं कुठून, मी तर घराबाहेरही पडलो नाही. त्यावर डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढून नीट समजावलं. हे जंतू बाहेरचे नसतात. स्वतःच्याच आतड्यातले असतात. एरवी तिथे गुण्यागोविंदाने नांदतात. यकृत निबर झालं की आतड्याची भिंत झिरपायला लागते, त्यांना अडवणारे पेंगतात, आणि हे साठलेल्या पाण्यात उतरून बसतात. बहुतेक वेळा ई. कोलाय, कधी क्लेबसिएला, कधी साखळी करून राहणारे स्ट्रेप्टोकोकस. नेमका कोण ते कळलं की तो कुठल्या औषधाचं ऐकेल ते कळतं.

अण्णा म्हणाले, "म्हणजे घरभेदी. बाहेरचा चोर परवडला."

पाणी त्यांनी दोन वाटांनी पाठवलं. एक नळी पेशी मोजायला, ती सिस्टर स्वतः धावत घेऊन गेल्या. उरलेलं तिथेच खाटेशी दोन बाटल्यांत भरलं, जंतू वाढवून बघायच्या बाटल्या असतात त्या. त्या माझ्या हातात दिल्या आणि 'लगेच खाली' म्हणाल्या.

मी जिन्याने खाली गेलो तर खिडकी नुकतीच निघाली होती. स्कूटरचं मागचं चाक दिसलं फक्त. काउंटरवर मिशीवाला. त्याने मला पाहिलं आणि नुसत्या मिशा हलवल्या.

मला वाटलं, माझ्या बापाच्या पोटातलं पाणी मी याच्या हातात देणार नाही. सकाळी तिला देईन. तिला सांगेन, हे माझे वडील आहेत, जरा नीट बघशील ना. ती बघेल. वॉर्डात इन्सुलिनचा फ्रिज आहे. खराब होऊ नये म्हणून दोन्ही बाटल्या त्यात मागच्या बाजूला उभ्या करून ठेवल्या. लघवीचे नमुने नाही का ठेवत.

पेशी खूप वाढल्यात असा निरोप संध्याकाळीच आला, म्हणजे इन्फेक्शन नक्की. शिरेतून औषध लगेच सुरू केलं. तेव्हा तसं काही अडलं नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

लिहू की नको.

सकाळी बाटल्या घेऊन खिडकीत गेलो. वडिलांचं सांगितलं. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. म्हणाली, काळजी करू नकोस, मी स्वतः मशीनमध्ये लावते. मग बाटली हातात घेतली आणि थांबली.

"थंड का लागतेय ही?"

मी म्हणालो, एसीखाली उभा होतो. का म्हणालो माहीत नाही. तिच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून तोंडातून निघून गेलं.

ती म्हणाली, "मग ठीक. मला वाटलं, फ्रिजमध्ये ठेवलीस की काय. थंडीने यातले जंतू मरतात, मग काही उगवतच नाही. म्हणून तर पहिल्याच दिवशी दोनदा सांगितलं होतं तुला."

आठवलं एकदाचं कुठली गोष्ट ती.

मी हसलो. लाज बघा, हसलो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ताप उतरलेला नाही. डॉक्टरबाईंनी पुन्हा थोडं पाणी काढून पेशी मोजायला पाठवलं. औषध चालू असताना जंतू सहसा उगवत नाहीत, म्हणून या वेळी बाटल्या भरल्या नाहीत. निम्म्या तरी व्हायला हव्या होत्या त्या पेशी. उलट वाढल्या.

मी स्वतःला समजावतोय की थंडीत सगळेच मरत नसतील. एखादा चिवट असेल. फ्रिजमधलं दूध नाही का नासत. आपल्या बापाच्या पोटातला जंतू जिवंत असू दे म्हणून धावा करणारा मी जगात पहिलाच असेन.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

रिपोर्ट आला. काहीही उगवलं नाही.

डॉक्टरबाई ताईला आणि मला व्हरांड्यात घेऊन गेल्या. म्हणाल्या, दोन शक्यता आहेत. एक तर जंतू असा आहे की चालू औषधाला दाद देत नाही. किंवा हे जंतूंचं दुखणंच नाही, वेगळं काही आहे, पोटाचा क्षय वगैरे. बाटल्यांत काहीच आलं नाही, म्हणून त्यांचा कल दुसऱ्या बाजूला आहे. क्षयाची औषधं यकृताला जड जातात, सरांच्या यकृताला तर फारच. जंतूंवरचं याहून तिखट औषध द्यावं तर ते मूत्रपिंडांना मारतं. उगाच अंधारात देववत नाही. उद्यापर्यंत विचार करते, म्हणाल्या. ताई म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं.

मी शेजारी उभा होतो. मला माहीत होतं की त्या कागदाला काही अर्थ नाही. मीही ताईसारखी मान डोलावली.

सांगितलं तर नोकरी जाते, त्याचं काही नाही. पण ही नोकरी कशी मिळाली ते आज कळलं. डॉक्टरबाई जाता जाता म्हणाल्या, "सरांनी आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. तुझ्यासाठी काम. तलावावर मला पाण्यात ढकलणारा माणूस माझ्या दारात पायातल्या चपला काढून उभा होता." अण्णांनी मला हे सांगितलं नाही. मला वाटत होतं, अर्ज केला म्हणून मिळाली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज अण्णांनी मला ओळखलं नाही. यकृत बिघडलं की विष डोक्यात चढतं म्हणे. हात पुढे केला की पंजा आपोआप फडफडतो. मला 'बाळ, तू कुणाचा?' विचारलं. मी म्हटलं, तुमचा. म्हणाले, असं का, बरं बरं. आणि पुन्हा माझ्याकडे सभ्यपणे पाहत राहिले.

मी तिथून उठलो तो थेट डॉक्टरबाईंच्या खोलीत. बाहेर माणसं बसली होती, एक जण 'ओ, रांग आहे' म्हणाला. त्याला काय बोललो ते लिहीत नाही. आत जाऊन सांगून टाकलं. मिशीवाला, फ्रिज, एसी, सगळं. खिडकीसाठी थांबलो हेही सांगितलं, कारण अर्धं खरं सांगायचा कंटाळा आला होता.

त्या ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "किती वेळ होत्या फ्रिजमध्ये?"

"रात्रभर."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि उठल्या. पुढचं सगळं माझ्यादेखत भराभर झालं. पुन्हा सुई, पुन्हा पाणी, खाटेशी बाटल्या, आणि बाटल्या घेऊन त्या स्वतः जिना उतरून गेल्या. परत आल्या त्या तिखट औषध लिहूनच. क्षयाचा विचार बाजूला ठेवला. दाराशी मला म्हणाल्या, उद्यापासून कामावर येऊ नकोस, नातेवाईक म्हणून ये.

ताईला मीच सांगितलं. ती डबा घासत होती, घासतच राहिली. मी म्हणालो, मी राजीनामा देणार होतोच, माझ्यामुळे कुणावर ठपका नको. ती म्हणाली, "काढून टाकल्यावर राजीनामा कसला देतोस? आणि तुझ्या राजीनाम्याने कुणाचं पोट बरं होणार आहे?"

२१ फेब्रुवारी, शनिवार

खिडकी वॉर्डात आली होती. खिडकीबाहेर इतक्या जवळून मी तिला प्रथमच पाहिलं, माझ्या खांद्याला लागते फक्त. बाटलीत उगवलं आहे, म्हणाली. क्लेबसिएला. औषध चालू असतानाही उगवलं, यावरूनच दिसतं की पहिल्या औषधाला तो भीक घालत नव्हता. नेमकं कुठलं लागू पडेल ते उद्या-परवा कळेल. मी म्हणालो, तू स्वतः सांगायला आलीस. ती म्हणाली, निरोप्याची जागा रिकामी आहे ना.

मग जाताना थांबली. "मी तुला विचारलं होतं."

एवढंच. मी माफी मागायला तोंड उघडेपर्यंत ती वळली. नंतर सिस्टरकडून कळलं की थंड बाटली न विचारता घेतली म्हणून तिला वरिष्ठांसमोर उभं राहावं लागलं. विचारलं होतं की तिने. मीच खोटं बोललो. तिने तिथे माझं खोटं सांगितलं की नाही, ठाऊक नाही. सांगितलं असेल तर बरं. नसेल सांगितलं, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? संध्याकाळी विचार करत गेटपाशी उभा होतो. स्कूटरवाल्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिने त्याच्या पाठीवर डोकं टेकलं. भाऊ नसावा.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ताप गेला. नव्या औषधाला क्लेबसिएला दबतोय, पेशी निम्म्यावर आल्या. अण्णांनी सकाळी ताईला हाक मारली, बरोबर नावाने. मला म्हणाले, "तू आहेस का? बरं." ओळखलं म्हणायचं.

पण लघवी कमी झालीय. मूत्रपिंडं दमलीत. मी डॉक्टरबाईंना गाठलं आणि विचारलं, पहिल्या दिवशीच बाटल्या खाली पोचल्या असत्या तर हे टळलं असतं का. त्या म्हणाल्या, नीट पोचवलेल्या बाटल्यांतही पुष्कळदा काही उगवत नाही. उगवलं असतं तर औषध दोनेक दिवस आधी बदललं असतं. त्याने मूत्रपिंडं वाचली असती का, मलाही सांगता येणार नाही. तू म्हणशील तर खोटं सांगते.

मी नको म्हणालो. आता वाटतं, घ्यायला हवं होतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लघवी थोडी वाढली. फार नाही. डॉक्टरबाई 'बघू' म्हणतात. त्यांचं 'बघू' ऐकून ताई रोज जिन्यात जाऊन येते आणि डोळे धुऊन येते. मला वाटायचं, ती पाणी भरायला जाते.

दुपारी अण्णांनी विचारलं, "कामावर नाही गेलास? माझ्यापायी खाडे नकोस करू, त्या बाईंना वाईट दिसेल."

ताईने माझ्याकडे पाहिलं. आजारी माणसाला काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. मी सांगितलं. खाटेच्या कडेला बसून, चादरीचा काठ पिळत, सुरुवातीपासून. फ्रिजपाशी आलो तेव्हा ताई 'पुरे आता' म्हणाली. मी थांबलो नाही. अण्णा छताकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, असू दे, होतं असं. तसं म्हणाले असते तर मी त्या वॉर्डातून चालू पडलो असतो आणि पुन्हा घरी आलो नसतो.

ते म्हणाले, "ती मुलगी आवडली होती ना तुला?"

मी मान हलवली.

"मग रिकाम्या हातांनी जायचं होतं तिच्याकडे. माझ्या पोटातलं पाणी कशाला नेलंस? बापाच्या पोटातलं पाणी घेऊन कुणी मुलीला भेटायला जातं का, मूर्खा?"

पलीकडच्या खाटेवरचे म्हातारबुवा खुदकन हसले. अण्णा हसत नव्हते. कोपरावर उठू पाहत होते. ताईने मागे उशी लावली, तर तिलाही म्हणाले, तू मध्ये पडू नकोस. आणि मग सुरू झाले. प्राचार्यांच्या टेबलापासून. ओळखपत्र आपटलंस, ते कुणाच्या जिवावर. शेजाऱ्याची कॉलर धरलीस, मी सांगितलं होतं का. नळ्या फोडल्यास, ते कुणाचं रक्त होतं माहीत आहे का. तुझा राग म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर सोडलेलं कुत्रं, तू मजेत लांब उभा. मी मेलो असतो तर मेलो असतो, माझं वय आहे. त्या पोरीला खोटं बोललास, तिला उभं राहावं लागलं, त्याचं काय? आवाज फाटका होता, अधूनमधून धाप लागत होती. धाप लागली की हाताने 'थांब' अशी खूण करत, दम घेत आणि पुन्हा तिथूनच धरत. सिस्टर दोनदा डोकावून गेल्या. सहा महिन्यांचं तुंबलेलं होतं.

शेवटी डोळे मिटायला लागले. म्हणाले, "दमलो. उरलेलं उद्या."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून झोपलेच आहेत. ही कुठली झोप आहे, साधी की ती डोक्यात विष चढल्याची, हे डॉक्टरबाईंनाही लगेच सांगता येईना. रक्त तपासायला पाठवलंय. नवा पोरगा आला होता न्यायला. मी त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

मी खाटेशी बसून राहिलो. ताईने जेवून ये म्हटलं, तिच्याच डब्यातलं आळणी खाल्लं. तिने पाहिलं. म्हातारबुवांनी विचारलं, "आज कीर्तन नाही का तुमच्या घरचं?" मी म्हटलं, आहे, बुवा झोपलेत.

ऊन खिडकीतून भिंतीवर चढल्यावर अण्णांनी एक डोळा उघडला. मला बघितलं, ताईला बघितलं, पुन्हा मला. मी वाट पाहत होतो, 'बाळ, तू कुणाचा' याची.

"कुठवर आलो होतो मी?"

मी सांगितलं, "तुम्ही त्या मुलीला उभं राहावं लागलं इथवर आला होता. त्याआधी मी मूर्ख आहे हे झालं होतं."

"हां," अण्णा म्हणाले. ओठ कोरडे होते, ताईने चमच्याने पाणी दिलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं, मी उठून जाऊ नये म्हणून असेल, आणि पुढचं बोलायला लागले.